फायबर चॅनल स्विच उपकरण कसे ओळखतो?

फायबर चॅनल म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारे जलद जाळे. पहिले अमेरिकी मानक १९९४चे.

• कायमची ओळख : वर्ल्ड वाइड नेम. ६४ बिटांचे, सहसा उत्पादकाने दिलेले. उपकरणाचे एक, त्याच्या प्रत्येक पोर्टचे वेगळे.

• तात्पुरता पत्ता : २४ बिटांचा, स्विचने दिलेला. पहिल्या ८ बिटांत स्विचचा डोमेन क्रमांक (१ ते २३९), पुढच्या ८ बिटांत एरिया, शेवटच्या ८ बिटांत पोर्ट. केबल दुसऱ्या स्विचला लावली की पत्ता बदलतो, नाव बदलत नाही.

• नोंदणी : उपकरण प्रथम ‘एफएफएफएफएफई’ या राखीव पत्त्यावर फॅब्रिक लॉगिन (फॅब्रिक म्हणजे स्विचचे जाळे) पाठवते. उत्तरात त्याला पत्ता मिळतो. मग ‘एफएफएफएफएफसी’ या पत्त्यावरील नेम सर्व्हरकडे पोर्ट लॉगिन करून ते आपले नाव, पत्ता आणि प्रोटोकॉल नोंदवते. नेम सर्व्हर हे वेगळे यंत्र नव्हे. ही सेवा स्विचमध्येच चालते आणि स्विच एकमेकांकडून नोंदी मिळवतात. सर्व्हर तिथे चौकशी करून स्टोरेज शोधतो. उत्तरात त्याच्या झोनमधलीच (म्हणजे एकमेकांना दिसू दिलेल्या उपकरणांच्या गटातलीच) उपकरणे येतात.

• बदलाची सूचना : उपकरण जोडले किंवा काढले गेले, की ज्यांनी सूचना मागितली आहे त्यांना स्विच कळवतो. सूचनेत तपशील जुजबी असतो. नेम सर्व्हरला पुन्हा विचारावे लागते.