मांजराचे केस का गळतात?

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात मांजर म्हणजे कणगीचे राखणदार. त्याच्या पाठीवरचे केस झडू लागले की ‘उष्णता झाली’ म्हणून आपण मोकळे होतो. मी मात्र आधी बारीक फणीने त्याला ओल्या पांढऱ्या फडक्यावर विंचरतो. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. शेपटीच्या मुळाशी टक्कल असेल तर संशय बळावतो. पिसू मात्र पुष्कळदा दिसतच नाही; मांजर ती चाटून गिळते. गोल, कोंडा धरलेले चट्टे हे बहुधा गजकर्ण. ते घरातल्या मुलांनाही लागते, म्हणून पशुवैद्याकडून केस तपासून घ्यावेत. कुत्र्याचे पर्मेथ्रिन असलेले औषध मात्र मांजराला कधीही लावू नये. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. झटके येऊन जनावर दगावते. धान्य राखणाऱ्याचे एवढे देणे आपण लागतोच.