ऐकलं खूप, विचारलं काय?

मानसशास्त्राची पदवी यापुढे दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन घेता येणार नाही, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा निर्णय एव्हाना सगळ्यांनी वाचला आहे. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून तो लागू झाला. आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१च्या कायद्याने मानसशास्त्राला आरोग्याच्या रांगेत बसवलं. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पोषणशास्त्र यांच्याबरोबर या विषयाचाही दूरशिक्षणाचा रस्ता बंद झाला. प्रवेशांचं काय होणार, यावर बरीच चर्चा झाली. पण नोकरी, शिकवण्या, घरातलं आजारपण सांभाळून चाळिशीनंतर ‘इग्नू’चं मानसशास्त्राचं एमए करायला घेणाऱ्या दादर-गिरगावच्या बायकांबद्दल कुणी बोललं नाही. त्या सगळ्यांना समुपदेशकाची पाटी लावायची होती असं नाही. आपल्या घरात आणि आपल्या मनात काय चाललंय, ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं.

आता त्यांच्यासाठी उरला कान. करी रोड किंवा चिंचपोकळीला सकाळच्या धीम्या गाडीत कानात इयरफोन घातलेल्यांपैकी कितीतरी जण गाणी ऐकत नसतात. चिंता, अपराधीपणा, मुलांचं वयात येणं, सासू-सुनेतला अबोला यांवरच्या गप्पा त्यांच्या कानात चालू असतात. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’, त्यांचीच ‘खुसपुस’ ही मालिका, ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं ‘आवाहन’, विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’ ही पॉडकास्टची नावं मराठी घरांत रुळली आहेत. इंग्रजी ऐकणाऱ्यांसाठी अमित वर्मा यांचं ‘द सीन अँड द अनसीन’ आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास यांच्या अभ्यासकांशी तिथे चार-चार तास बोलणं चालतं. एवढं ज्ञान मराठी माणसाच्या कानापर्यंत इतक्या स्वस्तात याआधी कधीच आलं नव्हतं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

मग अडतं कुठे? दुरून शिकण्यात काही दोष नाही. दोष आहे एकतर्फी शिकण्यात, आणि आयोगाच्या निर्णयावरच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा सुटला. आपल्याच मुंबईतली दोन माणसं तो फार चांगला समजावून सांगतात.

गिरगावातली प्रश्नोत्तरं

पहिला माणूस रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यापायी विल्सन महाविद्यालयातली गणिताची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७पासून १९५३मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत त्यांनी गिरगावातून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालवलं. आज ‘खुसपुस’मध्ये जे विषय मोकळेपणाने निघतात, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी छापले. मासिकाचा जीव होता वाचकांच्या प्रश्नांत. जे डॉक्टरला विचारता येत नव्हतं, बायकोशीही बोलता येत नव्हतं, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत. कर्वे थोडक्यात, शास्त्राला धरून उत्तर देत. प्रश्नकर्त्याची समजूत चुकीची असेल तर तसं स्पष्ट लिहीत.

हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले, त्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही. कर्वे वाचकाला भेटत नव्हते, तरीही ते शिक्षणच होतं. वाचकाचा प्रश्न कर्व्यांपर्यंत पोचत होता आणि कर्व्यांचं उत्तर वाचकाची चूक दुरुस्त करत होतं.

पत्रांतून घडलेला मानसतज्ज्ञ

दुसरे कि. मो. फडके. मानसशास्त्रात रस असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे नाव माहीत असायला हवं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मानसोपचाराची एक नवी पद्धत मांडली. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ’ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. घटना माणसाला दुःखी करत नाही, घटनेकडे पाहण्याची त्याची आग्रही, हट्टी समजूत त्याला दुःखी करते, हे तिचं सार. ‘मला मान मिळालाच पाहिजे’ यातला ‘च’ पकडायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा. फडके यांनी मुंबईतून एलिसना पत्र लिहिलं. पुढे तीन दशकांहून जास्त काळ दोघांचा पत्रव्यवहार चालला. फडके यांनी पत्रांतून शंका विचारल्या, मांडणीतल्या कच्च्या जागा दाखवल्या, सुधारणा सुचवल्या. एलिस यांच्या संस्थेचे फेलो आणि पर्यवेक्षक होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याकडे शिकून तयार झालेल्यांची एक पिढी महाराष्ट्रात आज काम करते आहे. त्यांच्या शिष्या अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली, म्हणून ही विद्या सामान्य वाचकापर्यंतही पोचली.

इथे दूरशिक्षण होतं हजारो मैलांचं. तरी ते पक्कं झालं, कारण प्रत्येक पत्राला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरावर पुन्हा प्रश्न होता.

एलिस यांचा आणखी एक धडा पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनी घ्यावा असा आहे. १९६५पासून जवळपास चाळीस वर्षं ते न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी रात्री जाहीर सत्र घेत. प्रेक्षकांतून कुणीतरी उठून मंचावर येई, आपला प्रश्न सांगे, आणि एलिस सगळ्यांसमोर त्याच्याशी बोलत. मग सभागृहातले लोकही आपलं मत देत. शेवटी त्या माणसाला गृहपाठ मिळे. लोक काय म्हणतील या भीतीने ग्रासलेल्यांना एलिस सांगत, भुयारी गाडीत बसा आणि प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने पुकारा. लोक बघतील, हसतील, आणि आकाश कोसळणार नाही हे तुम्हाला स्वतःलाच कळेल. हा उपाय त्यांनी आधी स्वतःवर केला होता. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला ते ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जात आणि बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलत. अशा शंभर जणींशी ते बोलले. भेटायला यायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. भीतीवरचा दोन तासांचा कार्यक्रम ऐकून भीतीबद्दलची माहिती वाढते. भीती जाण्यासाठी चिंचपोकळीला उभं राहून स्टेशनचं नाव पुकारावं लागतं.

कान काय धरतो, काय सोडतो

ऐकून किती लक्षात राहतं, याचा अभ्यास मानसशास्त्रानेच केला आहे. डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वुडी यांनी २०१०मध्ये मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने मजकूर वाचला, दुसऱ्याने तोच पॉडकास्ट म्हणून ऐकला. चाचणीत वाचणाऱ्यांना सरासरी ८१ टक्के गुण मिळाले, ऐकणाऱ्यांना ५९. याउलट २०१६च्या एका अभ्यासात गोष्टीसारखं पुस्तक वाचणारे आणि ऐकणारे यांच्यात फरक आढळला नाही. या दोहोंतून निघणारा अर्थ मला असा दिसतो की गोष्ट कानाला पेलते, पण युक्तिवाद, व्याख्या, आकडे यांच्यासाठी मागे जाऊन पुन्हा पाहावं लागतं. गर्दीच्या गाडीत कोण मागे जातो?

पुढचा अभ्यास त्याहून महत्त्वाचा. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा, पुस्तक मिटून आठवून पाहिल्याने जास्त टिकतं. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के राहिलं होतं आणि आठवून पाहणाऱ्यांच्या ५६ टक्के. भाग संपताच पुढचा भाग आपोआप सुरू होतो, तिथे हे आठवून पाहणं मारलं जातं. समजल्याचा आभास तेवढा उरतो. रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२मध्ये लोकांना झिप किंवा संडासाचा फ्लश कसा चालतो ते माहीत आहे का, असं विचारलं. माहीत आहे, असं लोकांनी सांगितलं. पायरी-पायरीने समजावून सांगायला लावल्यावर त्यांनीच स्वतःचे गुण कमी केले. ‘ट्रॉमा’, ‘टॉक्सिक’, ‘नार्सिसिस्ट’ हे शब्द आज घरोघरी ज्या सहजतेने वापरले जातात, त्यांचीही अशीच परीक्षा घेऊन पाहावी.

आणखी एक धोका निवेदकाच्या गोड आवाजात असतो. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याला ओळखीचा वाटू लागतो, हे हॉर्टन आणि व्होल यांनी १९५६मध्येच लिहून ठेवलं. ओळखीच्या माणसाला आपण पुरावा मागत नाही. मानसशास्त्रात तर तो मागायलाच हवा. २०१५मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने गाजलेल्या नियतकालिकांतले १०० प्रयोग पुन्हा केले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा ठोस निष्कर्ष मिळाला. किती कार्यक्रमांत हे सांगितलं जातं?

एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे

माझी खरी तक्रार पुढे आहे. मानसशास्त्राचे जे प्रयोग आपल्याला ऐकवले जातात, ते बहुतेक अमेरिकेतल्या-युरोपातल्या माणसांवरचे असतात. जेफ्री आर्नेट यांनी २००८मध्ये मोजून दाखवलं की नावाजलेल्या मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतले होते. त्यातून निघालेला ‘नात्यांत सीमा आखा’ हा सल्ला लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांनी कसा अमलात आणायचा?

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीही त्याच वाटेवर आहेत. दार कायम उघडं ठेवून जगलेल्या म्हातारीचं चाळिसाव्या मजल्यावर काय होतं? सामाईक गॅलरी गेली की भांडणं कमी होतात की एकटेपण वाढतं? मुलीला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली की घरातली सत्ता कुठे सरकते? मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा याहून जिवंत वर्ग आज भारतात क्वचितच कुठे भरला असेल. त्यावर मराठीत दहा भागांची मालिका व्हायला हवी, आणि बोलायला त्याच चाळीतली माणसं हवीत.

गिरणगावाला, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागाला, अशा शिकण्याची सवय आहे. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची पायाभरणीची बैठक घेतली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. त्याआधी १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचलेला हा समाजशास्त्रज्ञ परळच्या बीआयटी चाळीत राहत होता. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालेली शाळा १९३६मध्ये नागपाड्यात सुरू झाली. आकाशवाणीच्या ‘कामगार सभे’ने गिरणगावाला वर्षानुवर्षं ऐकतं ठेवलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने अडीच लाख कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलं. त्यानंतर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांना बोलतं करून गिरणगावाचा मौखिक इतिहास लिहिला आणि तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अभ्यासक ऐकणारे होते आणि गिरणगाव बोलणारं. आज पॉडकास्टमध्ये तज्ज्ञ बोलतो आणि गिरणगाव ऐकतं. हा रस्ता दोन्हीकडून चालता व्हायला हवा.

मग करायचं काय?

आयोगाच्या निर्णयात एक गोष्ट बरोबर आहे. उपचार करणारा माणूस प्रत्यक्ष देखरेखीखाली तयार झालेला हवा. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आज ‘आवाहन’वर सहज बोलतात, त्यामागे परळच्या केईएम रुग्णालयातली मनोविकारशास्त्राची वर्षं आणि १९९०पासून ‘आयपीएच’मध्ये पाहिलेले रुग्ण आहेत. ती तयारी इयरफोनमधून होत नाही. ऐकणाऱ्यानेही हे जाणावं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहांत एक प्रौढ मानसिक आजाराने त्रस्त आढळला, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर पुढचा भाग लावू नये. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर फोन करावा.

पण समजून घेण्यासाठी शिकणं आणि उपचार करण्यासाठी शिकणं यांत आयोगाने फरक करायला हवा होता. रुग्ण तपासायचा नाही, फक्त माणूस समजून घ्यायचा आहे, अशांसाठी दूरशिक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम ठेवावा, अशी मागणी विद्यापीठांनी लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हातात बरंच आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने, गिरगावच्या साहित्य संघाने, गोखले रोडवर वसंत व्याख्यानमाला भरवणाऱ्या अमर हिंद मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ श्रोत्यांना द्यावी. पॉडकास्टचा एक भाग सगळ्यांनी आधी ऐकून यायचं. सभागृहात तो पुन्हा लावायचा नाही, आठवेल तेवढा आपल्या शब्दांत मांडायचा. पुरावा कुठला, प्रयोग कुणावर झाला, आपल्या घराला तो लागू पडतो का, हे विचारायचं. कुणी विषय शिकवणारा समोर असावा आणि त्याने चुका दुरुस्त कराव्यात. पॉडकास्ट करणाऱ्यांनीही कर्व्यांसारखं प्रश्नोत्तरांचं सदर चालवावं आणि चुकलेलं जाहीरपणे सुधारावं.

२०२५मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. लालबाग-परळच्या मंडळांकडे मांडव आहे, ध्वनिक्षेपक आहे, माणसं आहेत. दहा दिवसांतली एक संध्याकाळ त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी राखून ठेवावी. याला कुणाची परवानगी लागत नाही, पदवीही लागत नाही. कुणीतरी पहिला हात वर करावा लागतो, एवढंच.