शीर्षक नसलेले वेष्टन आणि नऊ शांत गीते

१९७१ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील 'ए अँड एम' या कंपनीने जीन क्लार्क या गायकाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. वेष्टनावर झगझगीत सूर्यप्रकाशापुढे उभ्या असलेल्या गायकाची केवळ काळी आकृती होती. शीर्षक छापलेलेच नव्हते. तिच्यातील एका गीतावरून रसिक तिला 'व्हाइट लाइट' म्हणू लागले. नऊ गीतांची ही मुद्रिका बाजारात आली आणि फारसा गाजावाजा न होता बाजूला पडली. आज अर्धशतक उलटून गेल्यावर मात्र जाणकार तिचा उल्लेख आदराने करतात. चांगली कृती आपल्या जन्मकाळी उपेक्षित का राहते, या प्रश्नाचे एक उत्तर तिच्या कथेत सापडते.

ज्या परंपरेत ही गीते रुजली आहेत तिला अमेरिकेत 'कंट्री' संगीत म्हणतात. ब्रिटिश बेटांतून आलेल्या स्थलांतरितांची जुनी कथागीते आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचे 'ब्लूज' व भक्तिगीते यांच्या संगमातून हे संगीत वाढले. फिडल, बँजो आणि गिटार ही त्याची वाद्ये. घर, वियोग, प्रवास आणि पश्चात्ताप हे त्याचे नित्याचे विषय. दूर देशी आलेल्या माणसांनी सोबत आणलेली गाणी पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकतात, हे महाराष्ट्राबाहेर राहून ओव्या आणि आरत्या जपणाऱ्या आपल्या घरांना समजावून सांगावयास नको.

जीन क्लार्कचा जन्म १७ नोव्हेंबर १९४४ रोजी मिसूरी राज्यातील टिप्टन या लहानशा गावी झाला. तेरा भावंडांतील तो तिसरा. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे 'द बर्ड्‌स' हा वाद्यवृंद उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत तो होता. १९६५ मध्ये या वृंदाने बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' गाऊन अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले स्थान मिळविले. वृंदाची स्वतःची आरंभीची उत्तम गीते बहुतांशी क्लार्कनेच रचलेली होती. १९६६ च्या 'एट माइल्स हाय' या गीतावर पंडित रविशंकरांच्या सतारीचा आणि जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनचा प्रभाव आहे. गीताचा विषय लंडनच्या विमानप्रवासाचा. आणि त्याच्या रचनेत ज्याचा मोठा वाटा, त्या क्लार्कला विमानाची विलक्षण धास्ती होती. त्याच वर्षीच्या आरंभी न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात बसल्यावर तो भीतीने व्याकुळ झाला आणि खाली उतरला. त्यानंतर वृंदाशी त्याचा संबंध सुटला.

ज्या व्यवसायात गावोगावी जाऊन आपले गाणे लोकांसमोर मांडावे लागते, त्यात ही धास्ती म्हणजे केवढा मोठा अडसर! पुढील इतिहास त्याची साक्ष देतो. १९६७ साली गॉस्डिन बंधूंसह गायिलेली त्याची मुद्रिका निघाली. पण त्याच सुमारास त्याच कंपनीने 'द बर्ड्‌स'चीही नवी मुद्रिका काढली, आणि क्लार्क झाकोळून गेला. १९६८ मध्ये बँजोवादक डग डिलर्ड याच्यासह त्याने केलेले काम ग्रामीण आणि नागर संगीताचा सुंदर मिलाफ साधणारे होते. तेही मोजक्यांपर्यंतच पोहोचले. अखेर तो उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो या सागरकाठच्या गावी जाऊन राहिला. जुन्या गीतांच्या मानधनावर चरितार्थ चालत होता, समोर समुद्र होता आणि हातात गिटार होती.

'व्हाइट लाइट'मधील गीतांत ही निवांत वस्ती उतरली आहे. निर्मितीची धुरा सांभाळली जेसी एड डेव्हिस या गिटारवादकाने. ओक्लाहोमात जन्मलेला हा कलावंत कायोवा आणि कोमांचे या मूळनिवासी जमातींच्या वंशातला. योगायोग असा की, मुद्रिका प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात, १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी जो विख्यात कार्यक्रम झाला, त्यात हाच डेव्हिस जॉर्ज हॅरिसनच्या साथीला गिटार वाजवीत होता. त्याच व्यासपीठावर आरंभी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांचे वादन झाले होते.

डेव्हिसचा मोठेपणा असा की, त्याने क्लार्कच्या गळ्याभोवती वाद्यांची गर्दी होऊ दिली नाही. मध्यभागी क्लार्कची गिटार, त्याचा माउथ ऑर्गन आणि तो किंचित कापरा, उदास पण घट्ट आवाज. ख्रिस एथ्रिजचा बास आणि गॅरी मॅलबरचे ड्रम गाण्याला जेवढा आधार हवा तेवढाच देतात. ऑर्गन आणि पियानो दूरच्या खोलीतून यावेत तसे येतात. डेव्हिसची विजेची गिटार शब्द संपल्यावर दोन-चार स्वर बोलते आणि थांबते. आपल्याकडे जाणता तबलजी भावगीताला साथ करताना हात आखडता घेतो, त्याची येथे आठवण होते.

'विथ टुमारो' हे गीत विरहाचे आहे. पण त्यात आक्रोश नाही. गेलेले माणूस गेले, हे स्वीकारल्यानंतरची शांतता त्यात आहे. शीर्षकगीत चपळ चालीचे, माउथ ऑर्गनने उजळलेले. 'फॉर अ स्पॅनिश गिटार' हे मुद्रिकेचे हृदय म्हणावे लागेल. मुलांचे हसू, बरे-वाईट, न सुटलेली कोडी असे सारे आयुष्य एका वाद्यात ओतू पाहणाऱ्या कलावंताचे ते मनोगत आहे. 'टिअर्स ऑफ रेज' हे डिलन आणि रिचर्ड मॅन्युएल यांचे गीत आधी 'द बँड' या वृंदाने गाऊन प्रसिद्ध केलेले. पित्याची व्यथा सांगणारे हे गीत क्लार्क इतक्या सावकाश गातो की ते त्याचेच वाटू लागते.

मग ही मुद्रिका दुर्लक्षित का राहिली? कंपनीने प्रचारात फारसा रस घेतला नाही आणि गायक दौऱ्यावर निघाला नाही, हे उघड कारण होय. दुसरे कारण अधिक खोल आहे. ही गीते श्रोत्याला हाक मारीत नाहीत. ती वाट पाहतात. एका ऐकण्यात त्यांचे काहीच हाती लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी चाल मनात घर करते आणि अर्थ नंतर उमगतो. विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांवर ज्या बाजाराचा सारा हिशेब, त्याला एवढा धीर कोठून असणार? नेदरलँड्‌समध्ये मात्र समीक्षकांनी तिला त्या वर्षाची सर्वोत्तम मुद्रिका ठरविले. त्याची पुढची मुद्रिका 'रोडमास्टर' १९७३ साली प्रसिद्ध झाली, तीही केवळ त्याच देशात.

पुढील वर्षे क्लार्कला सुखाची गेली नाहीत. १९७४ ची 'नो अदर' ही महत्त्वाकांक्षी मुद्रिकाही अपयशी ठरली. व्यसनांनी शरीर पोखरले. २४ मे १९९१ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या पश्चात मात्र गीतांना श्रोते मिळत गेले. २००२ मध्ये 'व्हाइट लाइट' अधिक गीतांसह पुन्हा निघाली, तर २०१३ मध्ये तिच्या पूर्वतयारीची एकट्या गायकाची मुद्रणे प्रकाशात आली. दरम्यान २००७ मध्ये रॉबर्ट प्लँट आणि ॲलिसन क्रॉस यांनी आपल्या 'रेझिंग सँड' या मुद्रिकेत क्लार्कची दोन गीते गायिली, आणि २००९ मध्ये त्या मुद्रिकेला वर्षातील सर्वोत्तम मुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार लाभला. मूळ रचनाकार ते पाहावयास नव्हता.

क्लार्कला ज्या प्रवासाचे भय होते तो प्रवास त्याच्या गीतांनी त्याच्याशिवाय, सावकाश, पूर्ण केला. इंग्रजी गाण्यांची सवय नसलेल्या वाचकांनीही ही मुद्रिका एकदा अवश्य ऐकावी. घरातील निजानीज झाल्यावर, दिवा मंद करून, नऊही गीते क्रमाने ऐकावीत. आणि पहिल्या खेपेस काही गवसले नाही, तर चार दिवसांनी पुन्हा लावावीत.