पाठांतर बोटांचे की मेंदूचे?

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील फ्लामेंको गिटार परंपरेने कानाने ऐकून, गुरूच्या हाताकडे पाहून शिकतात. त्यातील 'सोलेआ'चे आवर्तन १२ मात्रांचे. जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. शिकणाऱ्यांची तक्रार ठरलेली: घरी बिनचूक वाजते, पण लोकांसमोर एकदा अडखळले की पुढचे आठवत नाही! कारण सवयीने हालचालींची साखळी बनते; एक कडी निसटली की सारे अडते. म्हणून वादनाचे तुकडे पाडावेत, मधल्या कोणत्याही तुकड्यापासून सुरुवात करून पाहावी. गिटार बाजूला ठेवून मनातही वाजवावे. एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ बरा. झोप मोडू नये. शिकलेले झोपेत पक्के होते. बोटांना मुंग्या आल्या किंवा मनगट दुखू लागले, तर मात्र वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे.