नवशिक्याची सायकल वारी : वैद्याने काय पाहावे?

नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची आषाढीपूर्वीची नाशिक–पंढरपूर सायकल वारी आता सर्वपरिचित झाली आहे. तिच्याविषयी ऐकून खान्देशातील अनेक भाविकांनाही सायकलने पंढरी गाठण्याची ओढ लागते. यांपैकी बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून सायकलला पाय लावलेला नसतो. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी ते आपल्याकडे किंवा औषधी दुकानात येतात आणि ‘ताकदीचे काहीतरी द्या’ म्हणतात. त्या वेळी खरे तर उशीर झालेला असतो.

यावलहून जळगाव, अजिंठ्याचा घाट, छत्रपती संभाजीनगर, बीड, बार्शी, कुर्डुवाडी या मार्गाने पंढरपूर सुमारे पाचशे किलोमीटर भरते. नवशिक्याने दिवसाला साठ-पासष्ट किलोमीटर धरल्यास आठ दिवस लागतात. श्रद्धेचे बळ मोठे आहे यात शंका नाही. परंतु स्नायू व संधी यांना सराव लागतोच.

येथे ऋतुविचार महत्त्वाचा ठरतो. चरकाचार्यांच्या मते आदानकालाच्या अंती व विसर्गाच्या आरंभी, म्हणजे ग्रीष्म-वर्षा ऋतूंत, मनुष्याचे बल सर्वांत कमी असते. वर्षा ऋतुचर्येत तर त्यांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. आषाढीसाठी सायकलचा सराव करायचा म्हणजे तो वैशाख-ज्येष्ठात करावा लागणार, आणि त्या काळात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपल्या भागातील नवशिक्याने पहिली सायकल वारी कार्तिकीला करावी. शरदात बल मध्यम असते, पहाटे गार होऊ लागलेल्या असतात आणि सरावाला भाद्रपद-आश्विन मिळतात. आषाढीचाच नेम असेल त्याने वसंतातच सराव सुरू करावा, आणि पुढे ग्रीष्मात तो सकाळी लवकर व अल्प प्रमाणात चालू ठेवावा.

सराव किती करावा याचे उत्तर ‘अर्धशक्ती’ या एका शब्दात आहे. हृदयस्थानीचा वायू मुखावाटे येऊ लागणे, ही बलार्धाची खूण सुश्रुताचार्यांनी सांगितली आहे. भाविकाला ती समजावणे सोपे आहे. सायकल चालवताना मोठ्याने नामस्मरण सुरू असावे. दोन नामांच्या मध्ये धाप लागू लागली की वेग कमी करावा. पहिल्या आठवड्यात सहा-सात किलोमीटर पुरेत. पुढे हळूहळू वाढवत यावल–भुसावळ जाऊन-येऊन सहज झाले, की लांबच्या फेऱ्या घ्याव्यात. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गावर केळीचे ट्रक रात्रंदिवस धावतात. तेथे अंधारात सराव नको.

गुडघेदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्याला लगेच गुग्गुळ लिहून देण्यापूर्वी त्याची सायकल दारात मागवून पाहावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. जे काम पान्याने होते त्यासाठी रुग्णाच्या पोटात औषध का घालावे? हाताला मुंग्या येत असल्यास हँडलची उंची व पकड आधी तपासावी.

रोज तिळतेलाचा अभ्यंग करावा. विशेषतः कटी, जानू व पादतल यांवर. बैठकीची त्वचा सोलवटू नये म्हणून शतधौत घृत उत्तम. ते ताजे तयार करून देण्याची सोय फार्मसीचालकांनी ठेवावी. शरदातील विरेचन ज्यांना करावयाचे आहे, त्यांनी ते प्रस्थानाच्या किमान महिनाभर आधी उरकावे. ‘पोट साफ करून निघतो’ म्हणणाऱ्यास आदल्या दिवशी रेचक देणे म्हणजे त्याचे बल व द्रवांश दोन्ही काढून घेणे होय.

सर्वांत जपावे लागते ते मधुमेही भाविकांना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा मनुष्य उपवास धरून साठ किलोमीटर सायकल चालवील, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, कंप व गोंधळलेपण ही लक्षणे श्रमाचीच समजली जातात. मात्रेचा निर्णय ती औषधे देणाऱ्या चिकित्सकाकडूनच घ्यावा आणि खिशात साखर असावी. चाळिशीपुढील नवशिक्याचा रक्तदाब व ई.सी.जी. पाहावा, छातीत दडपण येत असल्यास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रवास दशमीलाच संपेल असा बेत आखला, तर एकादशीचा उपवास व श्रम एकाच दिवशी येत नाहीत. वाटेत दुसरी एकादशी येत असेल तर त्या दिवशी मुक्काम ठेवावा.

वाटेत नुसते पाणी ढोसू नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, वर लिंबू, हे पुरेसे आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना मात्र विचारूनच. आपली केळी व खजूर उपवासालाही चालतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन लगेच निघू नये.

फार्मसीचालकांना एक विनंती. विषतिंदुक वटीसारखी कुपीलूयुक्त औषधे ‘अंगदुखीवर चांगली’ म्हणून गल्ल्यावरून देऊ नयेत. कुपीलू शेड्यूल ई (१) मध्ये आहे आणि वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. विनालेबल शक्तिवर्धक चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात कोणतेही नवे औषध सुरू करू नये.

द्वादशीचे पारणे पेजेने किंवा मऊ मूगखिचडीने सोडावे. परतीला सायकली टेम्पोत घालाव्यात.