चारही चाके ओढणारी गाडी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मी डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर पुरवणारी थार गाडी घेतली. तेव्हापासून भेटेल तो माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, ॲव्हरेज किती देते? आणि दुसरा, कुठेही चढते का हो? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ताम्हिणी घाटाने गावी जाता-येता लिटरला अकरा-बारा किलोमीटर, पुण्याच्या गर्दीत नऊ-दहा. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र मला एक अख्खा पावसाळा लागला.

गाडी हौसेसाठी घेतली नाही, हे आधीच सांगतो. आमची वाडी महाड तालुक्यात डोंगराच्या अंगाला आहे. डांबरी रस्ता संपल्यावर एक पऱ्या, त्यावर बुटकी फरशी आणि मग अडीच किलोमीटरची चढणीची कच्ची वाट. पावसाळ्यात ही वाट म्हणजे तांबड्या मातीचा चिखल. वडिलांना शेवटच्या आजारात याच वाटेने डोलीतून खाली आणावे लागले होते. खांदेकऱ्यांना दोन तास लागले आणि त्या दोन तासांचे पुढे काय झाले, ते सांगण्याची गरज नाही. आई अजून तिथेच राहते. पुण्याला यायला तयार नाही. तेव्हा ॲम्ब्युलन्स वर येत नसेल तर आपली गाडी तरी वर गेली पाहिजे, एवढाच माझा हिशेब.

आपल्याकडे उंच गाडी दिसली की तिला जीप म्हणायची सवय आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून तो शब्द मराठीत रुळला. मामलेदारांची जीप, प्रचाराची जीप, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप. पण पुढे रस्त्यावर आलेल्या या जीपगाड्यांपैकी पुष्कळशांची फक्त मागची दोन चाके ओढत असत. आजही तोच घोळ होतो. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारचा दोनच चाके ओढणारा, लहान डिझेल इंजिनाचा प्रकार २०२३ साली आला. बाहेरून दोन्ही गाड्या बहिणी-बहिणी दिसतात. खूण एकच, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे की नाही ते पाहायचे. माझ्या गाडीचे सगळे मर्म त्या छोट्या दांड्यात आहे.

आधी बसण्या-उठण्याचे सांगतो. गाडीचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे, म्हणजे जवळजवळ वीतभर. त्यामुळे बैठक उंच आणि माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला चढता येईना. शेवटी स्वयंपाकघरातला पाट गाडीत ठेवला. दरवाजे बाजूला दोनच आहेत, मागे बसायचे तर पुढची खुर्ची वाकवून आत शिरावे लागते. गाडी शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली आहे. हा सांगाडा दणके सोसतो, पण त्यातले थोडे बसणाऱ्यालाही पोचवतो. मागे बसून पुणे ते महाड प्रवास केलेला माझा मेहुणा परतीला एसटीने गेला. चालवणाऱ्याला मात्र उंचावरून रस्ता लांबवर दिसतो आणि त्या सुखापुढे बाकीचे विसरायला होते.

इंजिन सुमारे २.२ लिटरचे आहे. गंमत अशी की, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे पेट्रोल इंजिनही २.२ लिटरचेच होते. त्याची ताकद ६० अश्वशक्ती होती, या डिझेलची १३०च्या घरात आहे. पण डोंगरात अश्वशक्तीपेक्षा कामाला येतो तो पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. तो ३०० न्यूटन मीटर आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर मीटरभर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकाला तीस किलोंचे पोते टांगले, तर दांडीच्या मुळाशी जेवढा पीळ बसेल तेवढा. आणि हा पीळ मिनिटाला सोळाशे फेऱ्यांनाच मिळतो, इंजिनाला किंचाळायला लावावे लागत नाही. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल त्यात फवारताच पेट घेते. वर टर्बो जादा हवा कोंबतो. म्हणून कमी फेऱ्यांतही जोर भरपूर.

आता छोट्या दांड्याकडे येऊ. गाडी आली त्याच आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून सोसायटीच्या आवारात, कोरड्या सिमेंटवर, चारही चाके जोडली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवली. गाडी अडखळू लागली. कोणी मागून धरून ठेवल्यासारखे हिसके बसायला लागले. नवीकोरी गाडी मोडली, अशी माझी खात्रीच झाली.

मोडले काही नव्हते. वळताना प्रत्येक चाक वेगळ्या अंतराने चालते. लग्नाच्या मिरवणुकीत वळणावर आतल्या बाजूचा माणूस जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्याला धावावे लागते, तसेच. डाव्या-उजव्या चाकांतला हा फरक सांभाळायला डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची रचना असते. पण पुढची चाकेही मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. तो फरक सांभाळणारी रचना माझ्यासारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये नसते. चारही चाके जोडली की पुढची आणि मागची जोडी एकाच वेगाने फिरायला बांधली जाते. चिखलात, वाळूत चाक जरासे घसरते आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर घसरायला वाव नसतो, मग ताण यंत्रातच साठतो. फार वेळ असे केले तर दाते आणि साखळी खराब होतात. म्हणजे चार चाकांचा जोर हा रोज अंगावर घालायचा दागिना नव्हे. रस्ता निसरडा असेल तेव्हाच जोडायचा आणि पक्का रस्ता लागला की सोडायचा. एरवी ही गाडीही मागच्या दोन चाकांवरच चालते.

त्या दांड्याला आणखी एक घर आहे, 'लो'चे. गाडी पूर्ण थांबवून, मोठा गिअर न्यूट्रलला आणून मगच तिथे जायचे. त्याने चाकांपर्यंत जाणारा पीळ साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. सायकलचा दम काढणारा चढ लहान गिअरवर सुटतो, तेच तत्त्व. जूनमध्ये वाडीच्या वाटेवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, वेगाने गेलो की वेगातच निघून जाऊ. आंब्याच्या वळणावर चाके भिरभिरली, टायरच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत झाल्या आणि गाडी आडवी होत गटाराकडे सरकली. थांबलो. घाम पुसला. लोमध्ये टाकून, दुसऱ्या गिअरवर, माणसाच्या चालीने निघालो आणि तीच गाडी त्याच चिखलातून वर गेली.

उतरताना हा लो चढण्याहूनही मोलाचा. एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. चारही चाके ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात आणि ओल्या मातीवर टायरची पकड जेवढी आहे तेवढीच राहते. उलट पावणेदोन टनांच्या आसपास वजन, ते उतारावर ढकलतच असते. म्हणून लोमध्ये पहिला गिअर टाकायचा, क्लचवरून पाय काढायचा, ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही, आणि गाडीला इंजिनाच्या आधाराने उतरू द्यायचे.

जुलैत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे धूरनियम आले, तेव्हापासून नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी बारीक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाळणी भरली की इंजिन थोडे जादा डिझेल वापरून ती सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावी लागते. मी तर घर ते ऑफिस चार किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत. जाळण्याचे काम दरवेळी अर्धवट राहायचे. असे वारंवार झाले तर न जळलेले डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते. गॅरेजमधल्या माणसाने फक्त एवढेच सांगितले, "साहेब, हिला हायवेला फिरवून आणा." आणली आणि दिवा गेला. दोष गाडीचा नव्हे, माझ्या वापराचा. ज्याचे सगळे फिरणे शहरातल्या शहरात आहे त्याने डिझेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मग ऑगस्ट आला. एके दिवशी पहाटे शेजारच्या तात्यांचा फोन, आईला रात्रीपासून ताप आहे आणि दम लागतोय. पाचला पुण्याहून निघालो. ताम्हिणीत धुके इतके की बॉनेटपुढचे दिसत नव्हते. सव्वानऊला फरशीपाशी पोचलो तर फरशी दिसेना. लाल पाणी तिच्यावरून गुडघ्याच्या वर वाहत होते. पलीकडे वाडीतली चार माणसे उभी.

माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. म्हणजे दोन फुटांहून थोडे जास्त. मनात तो आकडाच घोळत होता. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा. इंजिनात पाणी ओढले जाऊ नये यासाठीची ती मर्यादा आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. गाडीचा जेवढा भाग पाण्यात बुडतो, त्याच्या दर घनमीटरमागे पाणी तिचे एक टन वजन उचलून धरते. चाकांवरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि बाजूने प्रवाह ढकलत असतो. अमेरिकेच्या हवामान खात्याची सूचना अशी की फूटभर वेगवान पाणी लहान मोटार वाहून नेते आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या, मोठ्या जीपगाड्यासुद्धा. तेव्हा चाके दोन ओढतात की चार, याला अर्थ उरत नाही. शिवाय लाल पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही हे कोण सांगणार? महाडकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या.

मी इंजिन बंद केले. पलीकडून तात्या ओरडून सांगत होते, थांब, घाई नको. इकडे मी आणि तिकडे आई, मध्ये पंधरा मीटर पाणी आणि माझ्या बुडाखाली लाखो रुपयांची गाडी. इतके असहाय मला वडिलांच्या वेळीही वाटले नव्हते. वाडीतल्या लोकांनी खुर्चीला बांबू बांधून डोली तयार ठेवली, पण डोली घेऊनही त्या पाण्यातून येणे शक्य नव्हते.

डोंगरातले पऱ्हे चढतात तसे उतरतातही झपाट्याने, कारण त्यांना पाणी पुरवणारा डोंगरच लहान. पाऊस थांबल्यावर पावणेदोन तासांनी फरशीच्या कडेचे दगड उघडे पडले. पाणी नडगीएवढे राहिले. तात्या काठी टेकत मधोमध चालत आले, फरशी जागेवर असल्याचे त्यांनी सांगितले, मग मी लोमध्ये, एकाच गिअरवर, न थांबता पलीकडे गेलो. तिथून वर जायला वीस मिनिटे लागली. आईला पाटावरून पुढच्या सीटवर बसवले. उतरताना ती एकदाच बोलली, "अरे, ब्रेक लाव की!" महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी न्यूमोनियाची सुरुवात सांगितली. पाच दिवसांनी ती घरी आली. पुण्याला नव्हे, वाडीला.

दिवाळीत मी फरशीच्या कडेच्या मोठ्या दगडावर तेलरंगाने दोन पट्टे ओढले. खालचा पांढरा, फरशीपासून वीतभर वर, तांबडा त्याच्या वर हातभर. फोन आला की आता तात्या आईच्या तब्येतीच्या आधी पट्ट्याचे सांगतात. पांढरा दिसत असेल तर म्हणतात, "ये." नसेल तर मी निघतो खरा, पण गाडी पऱ्याच्या अलीकडे, शाळेच्या उंचवट्यावर उभी करायची, हे आमचे ठरलेले आहे.