पडद्यावरचा गड, पायाखालचा गड

सिनेमाबद्दलचे मत तिकीट काढण्याच्या बरेच आधी तयार व्हायला लागते. पोस्टर, टीझर, एखादे गाणे, कोण कुणाच्या भूमिकेत आहे याची बातमी, एवढ्या भांडवलावर ‘हा चालणार’ किंवा ‘ट्रेलरमध्येच सगळं दाखवलं, आता उरलं काय’ असे निकाल लागतात. पाहून आल्यावरचे मत वेगळ्या मातीचे असते, कारण तेव्हा हातात पुरावा असतो. या दोन मतांमधले अंतर समजून घ्यायला धायरीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेले हे गाव सिंहगड रस्त्यावर आहे. शहराच्या बाजूला याच रस्त्यावर अभिरुचीचे मल्टिप्लेक्स लागते आणि दुसऱ्या बाजूला खडकवासला, डोणजे ओलांडून रस्ता ज्या गडावर जातो, तो गडच गेली शंभर वर्षे पुन्हा पुन्हा पडद्यावर येतो आहे.

1923 मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. आधार हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा होता. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला आणि शेलारमामांचे काम तरुण शांताराम वणकुद्रे याने केले. दहा वर्षांनी, 1933 मध्ये, त्याच व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी ‘सिंहगड’ बोलपट दिग्दर्शित केला. त्याच वर्षी प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. 10 जानेवारी 2020 ला ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी’ लागला, त्याचे मराठी रूपही आले. मग 25 ऑगस्ट 2023 ला दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’ आला.

म्हणजे कथा सगळ्यांच्या तोंडपाठ. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातला तानाजी, आधी लगीन कोंढाण्याचे, दोर कापणारा सूर्याजी. पुढे काय होणार हा प्रश्नच नसल्यामुळे अशा सिनेमाची वाट पाहणारा प्रेक्षक एकच विचारतो: कसं दाखवलंय? म्हणून त्याची नजर बारीक होते. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ‘तान्हाजी’चा ट्रेलर आला तेव्हा भगव्या झेंड्यावरच्या ‘ॐ’वरून वाद झाला. 2025 च्या जानेवारीत ‘छावा’च्या ट्रेलरमधल्या संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्यावर इतके आक्षेप आले, की दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्यच काढून टाकायचे ठरवले. सिनेमा लागायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. न पाहिलेल्या सिनेमावरचे मत किती जड असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण अलीकडे नाही. काही सेकंदांच्या तुकड्यावरून पूर्ण कलाकृतीची परीक्षा करणे धोक्याचे आहे, हेही खरेच. पण ज्याच्याविषयी भक्ती आहे त्याच्या बाबतीत प्रेक्षक थांबत नाही.

पाहून आल्यावर मोजपट्टी बदलते, आणि इथे धायरीचा प्रेक्षक इतरांपेक्षा वेगळा ठरतो. या परिसरातली कितीतरी माणसे सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत आतकरवाडीतून गड चढायला लागतात. पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, दूरदर्शनचा मनोरा, तानाजीची समाधी, मातीच्या मडक्यातले दही आणि पिठलं-भाकरी हे त्यांचे नेहमीचे. मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर संगणकाने उभा केलेला अजस्र कोंढाणा दिसला, की त्यांचे पाय आधी बोलतात. ‘तान्हाजी’मध्ये उदयभान ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ गडावर चढवतो, राजगडावर मारा करायला. स्वच्छ हवेत सिंहगडावरून राजगड दिसतो, पण तो सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळच्या तोफेचा गोळा तिथवर पोचणे शक्य नाही. हे ज्याने दोन्ही गड पाहिले आहेत त्याला पुस्तक न उघडता कळते.

दुसरी बाजूही तितकीच सच्ची आहे. यशवंती घोरपडीची गोष्ट शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून लोकांपर्यंत आली. इतिहासकार ती मानत नाहीत. ‘सिंहगड’ हे नावही तानाजीच्या मृत्यूनंतर पडले असे सर्रास सांगितले जाते, पण लढाई 4 फेब्रुवारी 1670 ची आणि ते नाव 1663 च्या पत्रातच सापडते. सिनेमावाले पोवाड्याच्या वाटेने गेले तर त्यात चूक काय, असे म्हणणारा रसिक अडाणी नसतो. तो सिनेमात पोवाडाच ऐकायला आलेला असतो. वाद विकोपाला जातो तो बहुधा यामुळेच, की एक जण इतिहासाच्या काट्यावर तोलतो, दुसरा शाहिरीच्या, आणि आपला काटा कोणता ते दोघेही सांगत नाहीत.

नजर घडवायची सोयही पुण्यातच आहे. प्रभातच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि दोघांच्या रसास्वाद शिबिरांतून सिनेमा शॉट-शॉटने पाहणारे प्रेक्षक तयार झाले.

धंद्याच्या हिशेबात या साऱ्या बोलण्याची परीक्षा सोमवारी होते. शुक्रवार ते रविवारचा गल्ला उत्सुकतेचा असतो. सोमवारपासून येतो तो कुणीतरी ‘जा, बघून ये’ म्हटले म्हणून. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका साड्या नेसून, घोळका करून गेल्या, आणि एका भिशीच्या गटाने दुसऱ्याला सांगत तो सिनेमा पुढे नेला. ‘सुभेदार’ लागला तेव्हा ‘तान्हाजी’ पाहिलेला प्रेक्षक आयताच तुलनेला तयार होता: तिकडे भव्यता, इकडे मावळ्यांची मराठी बोली. कुणाचा कडा खरा वाटला, ही चर्चा मात्र गड चढताना, धाप लागलेली असतानाच रंगते. डोणागिरीचा तो कडा, ज्याला आता तानाजी कडा म्हणतात, वर पोचल्यावर समोरच असतो.